ठिपका पाण्यात

पिकअपला ट्रॅकर बसवल्यापासून तात्यांनी टीव्हीवरच्या मालिका सोडल्या. ओतूरहून भाजी भरून गाडी कल्याणला निघाली की ते मोबाइलवरचा हिरवा ठिपका बघत बसत. ठिपका डिंगोऱ्याला जरा रेंगाळला, की लगेच ड्रायव्हरला फोन, "चहाला थांबला का रं?"

एका रात्री ठिपका हलायचाच थांबला आणि थांबला तोही पिंपळगाव जोग्याच्या धरणात, काठापासून चांगला आत. ड्रायव्हरचा फोन लागेना. "गाडी बुडाली," तात्यांनी जाहीर केलं. काकूंनी देव पाण्यात ठेवायची तयारी केली. म्हणजे सगळेच पाण्यात.

मंचरच्या दाजींना फोन केला तर ते उलट हसायला लागले. "अहो, आमचं मूळ आंबेगाव डिंभ्याच्या धरणात गेलं. तालुक्याला नाव त्याचं, कचेरी घोडेगावला, आणि कारभार बिनघोर चाललाय. एका पिकअपचं काय घेऊन बसलात!"

ट्रॅकरवाल्या कंपनीतली मुलगी फार गोड बोलली. "सर, डिव्हाइस एकदा बंद करून चालू करा."

"डिव्हाइस गाडीत आहे."

"मग गाडीजवळ जा ना, सर."

"गाडी कुठंय?"

"ते तुम्हाला ॲपवर दिसेल, सर."

तात्यांनी फोन माझ्याकडे दिला. मी त्यांना समजावू लागलो की जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून फक्त बोलतात, कुणाचं ऐकत नाहीत, थोडक्यात, तात्यांसारखे. चार उपग्रहांचं ऐकून आपण कुठं आहोत ते ट्रॅकर स्वतःच ताडतो, पण आपल्याला कळवायला त्याला सिमकार्ड लागतं, रेंज लागते आणि वीज लागते. त्यामुळे ठिकाण ठाऊक असूनही तो गप्प बसू शकतो. "म्हंजी माहीत आहे आन् सांगत नाही?" हा खुलासा तात्यांना बुडण्यापेक्षा जास्त लागला.

मग त्यांची नजर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीकडे वळली. तिथं आणि आसपास 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आकाशाकडे कान लावून आहेत. 880 कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संदेश त्यांनी पकडल्याची बातमी 2023 मध्ये आली होती. "त्यांना इचार की," तात्या म्हणाले, "आपली गाडी तर आत्ता सातला निघालीय." आजूबाजूला रेडिओचा गोंगाट कमी म्हणून ती जागा निवडली होती, हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही. ओरडले असते.

या वाटेवर ट्रॅकर लावून गेलेला सगळ्यात नामांकित प्रवासी म्हणजे आजोबा. हा बिबट्या 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडला, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून त्याला माळशेजला सोडलं, आणि गडी कसाऱ्यावरून चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाशी पोचला. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पायी. 2011 मध्ये तो हमरस्त्यावर गाडीखाली सापडला, तोवर पट्टा केव्हाच मुका झाला होता. ओळख पटली ती कातडीखालच्या चिपवरून. यावर तात्यांचं मत एवढंच, की बिबट्या जाऊन पोचतो आणि आमचा ड्रायव्हर धरणात थांबतो.

शेवटी काकूंनी त्यांच्या माहेरी, मढला फोन लावला. दोन मिनिटांत उत्तर आलं. गाडी मघाशीच वर गेली, ड्रायव्हरनं दोन प्लेट भजी खाल्ली, एकीचे पैसे राहिलेत.

दुसऱ्या दिवशी डॅशबोर्ड उघडला. ट्रॅकरची वायर उपसून तिथं मोबाइलचा चार्जर जोडलेला. ट्रॅकरच्या पोटातली चिमुकली बॅटरी जमेल तेवढी टिकली आणि विझता विझता पाण्याचा पत्ता देऊन गेली.

"दर दहा मिनटाला 'कुठं आलास' म्हणून तुमचाच फोन," ड्रायव्हर म्हणाला. "बॅटरी टिकायची कशी, तात्या?"

"मग लागत का नव्हता?"

"घाटात रेंज कुठंय?"

तात्यांनी ट्रॅकरची वायर नीट करून घेतली आणि ड्रायव्हरला पॉवर बँक आणून दिली. आता ठिपकाही दिसतो, फोनही लागतो. त्यामुळे दोघं एकच गाव सांगतात का, हे ताडायला तात्या दर पाच मिनिटांनी फोन करतात.