मामांची छत्री

ज्याच्या भाच्याला फुटबॉल खेळता येतो त्याला महाविद्यालय निवडता येते, असा काही अलिखित कायदा असावा. आमच्या वलवणात तरी तो बारावीच्या निकालाच्या दिवशी अमलात येतो, आणि त्याची अंमलबजावणी करणारे मामा आपणा सर्वांच्याच परिचयाचे आहेत. आमच्या शेजारच्या मामांपाशी लांब दांड्याची काळी छत्री असते. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या लोणावळ्यात छत्री बाळगणे ही काही विकृती नव्हे, परंतु मामा ती उघडीत नाहीत, जमिनीत खुपसतात, उपसून टोकावरचा चिखल निरखतात आणि फैसला सुनावतात, "निचरा नाही!"

गेल्या जूनमध्ये भाच्यासाठी महाविद्यालय निवडायला, पंच म्हणून, त्यांनी त्याच्याबरोबर मलाही पुण्यास नेले. लोकलचे चौसष्ट किलोमीटर. मळवली येईपर्यंत १९११ साली मोहन बागानच्या बहुतांशी अनवाणी गड्यांनी गोऱ्या पलटणीला हरवून शील्ड जिंकली होती. कामशेतला कोल्हापूरच्या तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉलही कसा पोसला याचा तपशील आला, मात्र बहीण मुलाला तितक्या लांब धाडणार नाही म्हणून राजाराम महाविद्यालय तिथेच बाद झाले. आणि तळेगावपासून फर्ग्युसन १८८५, स. प. १९१६, वाडिया १९३२ असा सनावळीचा जप सुरू झाला. शिक्षणक्रमाचा विषय काही निघाला नाही.

पहिल्याच मैदानावर छत्री रुतली आणि नुकतीच हिरवळ लावलेला माळी धावून आला. दुसरीकडे, निचरा नसल्याचे तोंडावर सांगितल्यामुळे, क्रीडाशिक्षकांनी आम्हांला चहा विचारला नाही. तिसरीकडे मैदानास कुलूप होते, तेव्हा मामांनी कार्यालयाबाहेरच्या तुळशीच्या कुंडीत छत्री खुपसून कुंडीचा निचरा समाधानकारक असल्याचा शेरा दिला.

तेवढ्या अवकाशात भाच्याने तिथल्या एका खेळाडूला हळूच विचारले, "तुमचा गोली कितवीला आहे?"

"लास्ट इयर."

साऱ्या दिवसात कामाचा प्रश्न तो एवढाच. भाचा स्वतः गोली. आघाडीला दोन-तीन जागा तरी असतात, गोली मात्र एकच, आणि तोही पहिल्या वर्षाचा निघाला तर मागून येणाऱ्याने तीन वर्षे बाकावर बसून मैदानाचा निचराच पाहत राहावे. अर्ज तिथेच भरला गेला. कुंडीमुळे, असे मामा आजही सांगतात.

त्यांच्या बहिणीकडून पुढे कळले की मामाही गोलीच होते. पुण्यात नाव घातले होते, पण मैदानात पाणी साचल्याने निवडचाचणी तीनदा तहकूब झाली. चौथी तारीख मुक्रर झाली तोवर भातलावणीसाठी घरून बोलावणे आले होते, आणि ती लावणी काही आजतागायत आटोपलेली नाही. हे ऐकल्यावर त्या छत्रीची थट्टा करताना माझी जीभ पूर्वीसारखी चालत नाही. चालते, पण अडखळते.

परवा संध्याकाळी धरणाच्या बाजूच्या मोकळ्या जागेत पोरे खेळत होती. पाणी घोट्याएवढे. गोलाच्या एका अंगाला दगडांची रास होती, दुसऱ्या अंगाला काहीच नव्हते आणि त्यावरून हुज्जत चालली होती. मामा उतरले, त्यांनी छत्री खुपसली. वीतभर आत गेली. मी कान टवकारले. ते काही बोलले नाहीत. छत्री तशीच उभी ठेवून, भर पावसात, भाच्याच्या मागे सुटलेले चेंडू आणायला जाऊन उभे राहिले.