काकूंचा भाचा घाट उतरत नाही

काकूंनी कुंपणावर उन्हाला ठेवलेला बूट उचलून माझ्यापुढे धरला. "बघ. उजव्याचा तळ पार गेला आणि डावा कोराच्या कोरा. दुकानदार म्हणतो, एकटा बूट मिळत नाही, जोडीच घ्या. म्हणजे या पोराच्या पायी दर खेपेला एक चांगला बूट वाया."

हे पोर म्हणजे काकूंच्या बहिणीचा मुलगा. पुण्याहून इंदूरला आला, सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीत नोकरीला लागला आणि मावशीकडेच राहिला. जुन्या पलासियात आता कुंपण असलेली घरं राहिलीत कुठे? एकेक बंगला पडला, त्या जागी पाच-पाच मजले उभे राहिले. पाचव्या मजल्यावरून काय गप्पा मारणार, फार तर कपडे वाळत घालताना मान हलवायची. काकूंचं आणि आमचं घर अजून टिकून आहे, म्हणून गल्लीतली बातमी आमच्याकडे पेपरच्या आधी येते.

"आता काय केलं त्यानं?"

"सायकलवाल्यांबरोबर चाललाय. चार दिवस. इथून ओंकारेश्वर, तिथून महेश्वर, मग मांडू आणि धारवरून परत. पावणेतीनशे किलोमीटर होतं म्हणे. बाकी सगळे सायकलवर आणि हा एकटा त्या फळीवर!"

स्केटबोर्डला काकू फळीच म्हणतात. त्याचं काही वाटत नाही आता. भाचाही घरात "मावशी, माझी फळी कुठंय" असंच विचारतो.

"अहो, मग चांगलंय की. एकटा तर नाही ना जात?"

"चांगलं कसलं. खरी गंमत पुढंच आहे." काकूंनी मागे वळून पाहिलं, काका बरामद्यात नाहीत ना याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "भेरूघाट तो फळीवरून उतरणार नाहीये. गाडीत बसणार आहे. सायकलवाल्यांच्या मागून सामानाची गाडी असते ना, तीत. समोरच्या चौथ्या मजल्यावरची काल त्यांच्या लिफ्टपाशी मला म्हणाली, 'काकू, गाडीतच बसायचं तर मग एवढा खटाटोप कशाला?' मला बाई उत्तर सुचेना."

मला सुचलं. कारण भाच्यानं मला ते सगळं याच कुंपणाशी उभं राहून समजावलेलं आहे. पोराला ऐकणारं माणूस हवं असतं आणि काकूंना तोवर कुकर आठवतो.

सायकलला दोन ब्रेक असतात. फळीला एकही नसतो. थांबायचं तर मागचा पाय खाली सोडायचा आणि तळवा डांबरावर घासत न्यायचा. त्या उजव्या बुटाची कहाणी ती आहे. अर्धी रेटा मारण्यात गेली, अर्धी थांबण्यात. उतार मोठा असला की बूट पुरत नाही. मग फळी आडवी वळवून चाकं घसरवत वेग तोडायचा, हातात जाड मोजे, त्यांच्या तळव्याला प्लास्टिकच्या चकत्या, प्रसंगी हात जमिनीला टेकवून फिरायचं. रहदारीला बंद केलेल्या, मोकळ्या रस्त्यावर हे करणारी मंडळी आहेत आणि ती काय बहारदार करतात! पण भेरूघाटात? माळव्याच्या पठारावरून खाली निमाडात उतरणारा तो रस्ता, वळणावळणाला भरलेले ट्रक, त्यात चौपदरी करण्याच्या कामाची खडी सांडलेली. तिथे तो हट्टानं फळीवर राहिला असता तर मी स्वतः काकूंना सांगितलं असतं, त्याला घरात कोंडा.

"म्हणजे भितो तो," काकू म्हणाल्या.

"भितो नाही, हिशेब करतो. काकू, तुम्हाला नाशिकचे ते दोघे डॉक्टर भाऊ आठवतात? महाजन. हितेंद्र आणि महेंद्र."

"अमेरिकेत सायकल चालवली ते?"

"तेच. २०१५ साली. रेस अक्रॉस अमेरिका. पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्याला, चार हजार आठशेच्या आसपास किलोमीटर, आणि साडेआठ दिवसांत पार. पण कसं? दोघांचा संघ होता. एक सायकल मारायचा तेव्हा दुसरा गाडीत बसून विश्रांती घ्यायचा. त्यांना कुणी म्हणालं का, गाडीत बसले म्हणून?"

काकू गप्प झाल्या. नाशिकचं नाव निघालं की त्या जरा मऊ होतात. माहेर तिकडचं. आपल्या पलासिया चौराह्यावरून जाणारा हा आग्रा-मुंबई रस्ता पकडून नाकासमोर चालत राहिलं की नाशिकच येतं, असं त्या लग्न झाल्यापासून काकांना ऐकवत आल्या आहेत.

"पण ते डॉक्टर. हा काय, खेळणं घेऊन..."

खेळण्याचं हे एक डोक्यातून जायला हवं. छप्पन दुकानासमोर पोरं टकाटक उड्या मारतात ती फळी वेगळी. तिची चाकं बारकी, पन्नास-पंचावन्न मिलिमीटरची आणि दगडासारखी कडक. रस्त्यावर एक खडा आला की फळी जागच्या जागी आणि माणूस पुढे. भाच्याची फळी लांब, जमिनीला लागून बुटकी, म्हणजे पाय खाली टेकताना दर वेळी गुडघा फार वाकवावा लागत नाही. दिवसात हजारो वेळा टेकायचा पाय, तिथे दोन बोटांची उंचीसुद्धा भारी पडते. चाकं ऐंशी-नव्वद मिलिमीटरची आणि मऊ, युरेथेनची. पूर्वी ही चाकं लोखंडाची, नंतर 'क्ले' नावाच्या मिश्रणाची असत. १९७० नंतर फ्रँक नॅसवर्दी नावाच्या अमेरिकन पोरानं युरेथेनची चाकं बाजारात आणली तेव्हा कुठे हा प्रकार रस्त्यावर नीट चालायला लागला. तरी आपल्याकडचं डांबर ते डांबरच. लांबच्या प्रवासात अंतर आणि ऊन सोसवतं, पण खरखरीत रस्ता तळपायातून वर चढत डोक्यापर्यंत झिणझिण्या आणतो, हे भाच्याचं म्हणणं. मी त्याचं ऐकून आमच्या गल्लीचा रस्ता प्रथमच नीट पाहिला.

"दुसरा पाय शिकतोय म्हणे आता," मी सांगितलं. "उजव्यानं रेटा मारून दमला की डाव्यानं मारायचा. म्हणजे पुढच्या वेळी दोन्ही बूट सारखे झिजतील."

"हे मात्र बरं झालं!" एवढ्या वेळात काकूंना पटलेली ही पहिली गोष्ट.

सायकलवाल्या मंडळींतही यावरून बरीच खडाजंगी झाली म्हणे. एकाचं मत, हा मागे राहणार आणि सगळ्यांना थांबवणार. ते अगदीच खोटं नाही. सपाट रस्त्यावर सायकलवाले तासाला बावीस-पंचवीसनं जातात, हा पंधराच्या आसपास, आणि समोरून वारा आला तर त्याहून कमी. सायकलवर वाकून बसता येतं, फळीवर माणूस शिडाच्या होडीसारखा उभा. फॉर्ममध्ये 'सायकलचा प्रकार' असा रकाना होता, त्यात यानं लिहिलं, 'चार चाकं, गिअर नाही, ब्रेक नाही'. त्यावर दोन दिवस चर्चा. शेवटी तोडगा निघाला की तो पहाटे चारला निघेल, बाकीचे सहाला. मधे पोहे-जिलबीच्या थांब्यावर गाठ. हेल्मेट, चमकणारं जाकीट आणि दिवे लावलेली एक गाडी सतत त्याच्या पाठीमागे.

ही मागची गाडी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि हे मी काकूंना जरा बिचकतच सांगितलं. केरळचा अनस हजास नावाचा मुलगा होता, तिरुवनंतपुरमकडचा. एकतीस वर्षांचा. २०२२ च्या मे अखेरीस कन्याकुमारीहून निघाला, स्केटबोर्डवर काश्मीरला. एकटा. सगळा दक्षिण भारत, मधला भारत ओलांडून हरियाणात पिंजोरपर्यंत पोचला. काश्मीर तोंडावर आलेलं. ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे ट्रकनं धडक दिली आणि गेला.

काकूंचा हात बुटावरच थांबला.

"हे तू मला आधी सांगायला नको होतंस," त्या म्हणाल्या. मग लगेच, "नाही, बरं सांगितलंस."

मीही मग पुढचं भराभर सांगून टाकलं. विशाखापट्टणमचा राणा उप्पलपती २०१७ मध्ये पायात स्केट्स बांधून सुवर्ण चतुष्कोण महामार्ग फिरून आला, मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, सहा हजार किलोमीटर. मुलांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचारांबद्दल लोकांना जागं करायला. न्यूझीलंडचा रॉब थॉमसन तर जपानहून सायकलवर निघाला होता. स्वित्झर्लंडला पोचल्यावर सायकल सोडून दिली आणि स्केटबोर्ड घेतला. २००७ ते २००८, शांघायला थांबेपर्यंत बारा हजार किलोमीटरच्या वर झाले. धडधाकट सायकल असताना ती सोडायची, हे मात्र काकूंना शेवटपर्यंत समजलं नाही. मलाही पुरतं समजलं आहे असं म्हणवत नाही.

"आणि आपल्या मध्य प्रदेशात, काकू, पन्ना जिल्ह्यात. जनवार गाव. तिथे उलरिके राइनहार्ड नावाच्या जर्मन बाईंनी २०१५ साली सिमेंटचं मैदान बांधलं फक्त यासाठी. नियम दोनच, शाळेत नाही गेलं तर फळी नाही आणि मुली आधी. त्या गावची आशा गोंड चीनला जागतिक स्पर्धेत खेळून आली."

"मुली आधी?" काकूंनी बूट खाली ठेवला. "हे ह्यांना सांगायला हवं. नातीला सायकल घ्यायची म्हटलं तर म्हणतात, पडेल."

मग त्यांनी विषय पुन्हा रस्त्यावर आणला. चार दिवसांत झोपणार कुठे, खाणार काय. खाण्याचं कळल्यावर त्या हसल्या: दर वीस किलोमीटरला केळी, मीठ-साखरेचं पाणी आणि पोहे. "इंदूरच्या पोराला घाटात पोहे देणार, त्यात जिरावन असणार का?" असा प्रश्न आला. मांडूची चढण मात्र त्याला पायी चढावी लागणार हे मी सांगितलं. महेश्वर खाली नर्मदेकाठी, मांडू वर विंध्याच्या कड्यावर. तेवढ्या चढाला रेटा मारून काही होत नाही, फळी काखेत मारायची आणि चालायचं. सायकलवाल्यांना सायकल काखेत मारता येत नाही, एवढाच त्याचा विजय.

"अमेरिकेत आयोवा राज्यात," मी म्हटलं, "१९७३ पासून दर जुलैत असा आठवडाभराचा प्रवास निघतो. दोन पत्रकारांनी सहज सुरू केलेला, आता हजारो सायकली. निघताना मागचं चाक मिसुरी नदीत बुडवायचं आणि शेवटी पुढचं चाक मिसिसिपीत. आपलीही मंडळी ओंकारेश्वरला नर्मदेत चाक बुडवणार आहेत."

"मग हाही बुडवेल. नर्मदामाईचं दर्शन चाकाला."

"तो नाही बुडवणार. चाकात बेअरिंग असतात, आठ मिलिमीटरच्या भोकाचे. पाणी-वाळू गेली की दुसऱ्या दिवशी कुरकुरतात, मग बसा उघडून पुसत."

"मग तीर्थ शिंपडावं नुसतं." काकूंनी तोडगा काढला. "महेश्वरला कसे जाणार? मंडलेश्वरवरून? म्हणजे जलूद वाटेतच. आपल्या नळाला येतं ते पाणी तिथनंच उचलतात. येताना एक कॅन भरून आणायला सांगते, आज आपला पाण्याचा दिवस नाही."

आतून कुकरची शिट्टी झाली. काकू हलल्या नाहीत. कुंपणाच्या खांबावर कोपर टेकवून विचारात पडल्या.

"त्या गाडीत जागा किती असते गं?"

"सामान, एक मेकॅनिक, प्रथमोपचाराची पेटी. आणि घाटात तुमचा भाचा. का?"

"नाही, घाट लागेपर्यंत त्याची जागा रिकामीच असणार ना. मी बसते. घाटात सरकून घेऊ. ओंकारेश्वरला दर्शन होईल, महेश्वरला साडी बघता येईल आणि पोराच्या मागे घरचं माणूस राहील."

"आणि काका?"

"त्यांना काय, एक दिवस छप्पनला खातील, एक दिवस खिचडी लावतील," काकू बूट उचलून वळल्या, "तिसऱ्या दिवशी तुझ्याकडे पाठवते. वांगं नको करूस, त्यांना चालत नाही."