दोन बेडरूम, एक बोईंग

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर कॅप्टन राहतात. विमान कंपनीशी त्यांचा संबंध तिकिटापुरता. आयुष्य गेलं चिंचवडच्या एका कारखान्यात, मेंटेनन्स खात्यात. ते निवृत्त झाले त्याच वर्षी मुलगा अमेरिकेला गेला, त्यामुळे वेळ आणि खोली एकदमच रिकामी झाली. पुण्यात अशा खोलीचं पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. सहा महिने ती झाडूनपुसून जशीच्या तशी ठेवतात. मग तिथे इस्त्रीचे कपडे येतात, मग दिवाळीचे रिकामे डबे, मग चार दिवस वापरलेलं चालायचं यंत्र. कॅप्टननी तिथे बोईंग ७३७-८०० आणलं.

सगळं विमान नव्हे. पंख, शेपूट, प्रवासी वगैरे गौण बाबी त्यांनी वगळल्या. पायलट बसतो तेवढाच भाग: समोरचं पॅनेल, मधला थ्रॉटलचा चौथरा, डोक्यावरचं स्विचांनी खच्चून भरलेलं ओव्हरहेड आणि दोन खुर्च्या. खुर्च्या जुन्या बाजारातून, एका रविवारी, कुठल्याशा मोटारीच्या. कपाट होतं तिथे तीन पडदे लावले आहेत, त्यांवर आकाश दिसतं. कपाट हॉलमध्ये आलं आहे. हॉलमधला दिवाण कुठे गेला हे विचारायचं नाही, वहिनींचा चेहरा बदलतो.

आणखी एक शब्द त्या घरात उच्चारायचा नाही: ‘खेळ’. मायक्रोसॉफ्टने आपला फ्लाइट सिम्युलेटर १९८२ मध्ये विकायला काढला तेव्हापासून जगभर लोक टेबलाशी बसून विमानं उडवताहेत, आणि ते सगळे कॅप्टनच्या मते खेळतात. माऊसचं बटण दाबून चाकं खाली सोडणं म्हणजे काट्याचमच्याने पुरणपोळी खाणं. विमान हाताला लागलं पाहिजे. स्विचचं वजन बोटाला कळलं पाहिजे. आणि मुख्य म्हणजे आवाज आला पाहिजे.

हा आवाज काय प्रकार आहे ते मला तपकीर गल्लीत कळलं. ‘चला, दहा मिनिटांचं काम आहे’ म्हणून त्यांनी मला स्कूटरवर मागे घातलं. दुकानदाराने काउंटरवर टॉगल स्विचांची चळत ओतली आणि सवयीने विचारलं, “किती अँपिअर?” कॅप्टननी अँपिअरकडे लक्षच दिलं नाही. एकेक स्विच उचलून कानाशी नेला, डोळे मिटले आणि खटका पाडला. आंबेवाल्याकडे देठाशी वास घेतात तसे. हा पोकळ वाजतो, हा उशिरा वाजतो, हा वाजतो बरा पण परतताना कुरकुरतो. दहा मिनिटांची पन्नास झाली. शेवटी दुकानदार म्हणाला, “काका, घ्यायचाय की ऐकायचाय?” कॅप्टननी चाळीसातले तीन घेतले आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, “त्याच्याकडे माल आहे, कान नाही.”

आता थोडं तांत्रिक, कारण कॅप्टनकडे गेल्यावर हे ऐकल्याशिवाय चहा मिळत नाही. पॅनेल होतं पांढऱ्या ॲक्रिलिकचं. त्यावर बोईंगचा करडा रंग मारायचा आणि अक्षरांपुरता तो लेझरने खरवडून काढायचा, म्हणजे मागून दिवा लावला की अक्षरंच तेवढी उजळतात. करडा म्हणजे कुठला करडा, यावर रंगाच्या दुकानात चार फेऱ्या झाल्या. पाचव्या वेळी दुकानदाराने हात जोडले. पॅनेलच्या पाठीमागे वायरींचं जंगल, आणि त्या जंगलाच्या शेवटी आर्डुइनो मेगा नावाचा तळहाताएवढा बोर्ड. त्याला डिजिटल पाय ५४, आणि ओव्हरहेडला स्विच त्याहून कितीतरी जास्त. म्हणून स्विच रांगा आणि स्तंभांत बांधायचे, शाळेतल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखे, आणि प्रत्येकापाशी एक डायोड घालायचा. डायोड विसरलात तर तीन स्विच दाबल्यावर चौथा, न दाबलेलाही, दाबल्यासारखा दिसतो. या भुताने कॅप्टनना अख्खा श्रावण छळलं. इंधनाचा पंप लावला की विमानाचे दिवे जायचे. वहिनी म्हणाल्या, “शांत करून घ्या.” त्यांना खोली म्हणायची होती, की कॅप्टन, हे कळलं नाही.

दिशा ठरवायच्या बटणाला तर साधा रेग्युलेटर चालतच नाही. पंख्याचं बटण दोन्ही टोकांना अडतं. विमानाला मात्र तीनशे साठ अंशांनंतर पुन्हा एक, म्हणून तिथे एन्कोडर लागतो. तो कितीही फिरवा, अडत नाही. कॅप्टन त्याला ‘आपली वार्षिक सर्वसाधारण सभा’ म्हणतात.

चाकांच्या दांड्याला टोकाशी छोटं चाक असतं आणि फ्लॅपच्या दांड्याला फ्लॅपसारखी चपटी पट्टी. मला वाटलं, हौस. कॅप्टननी खुर्चीत बसवून सांगितलं: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे दमलेले वैमानिक बी-१७ विमान उतरवल्यावर फ्लॅप वर घ्यायला जात आणि शेजारचा तसलाच स्विच ओढून चाकं पोटात घेत. विमान बसकण मारायचं. अल्फॉन्स चपानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं, की दोष वैमानिकांच्या डोक्यात नाही, एकसारख्या दिसणाऱ्या स्विचांत आहे. त्यातून हे आकार आले, म्हणजे न बघताही हाताला कळावं. गोष्ट खरोखर चांगली आहे. कॅप्टनच्या दांड्याचं चाक मात्र नातवाच्या ट्रकचं आहे. नातू सुट्टीत येऊन गेला, ट्रक इथेच राहिला. तो आता तीन चाकांवर शोकेसमध्ये उभा असतो, चौथ्या कोपऱ्याखाली काडेपेटी.

घरातली कुठलीही वस्तू तिथे सुरक्षित नाही. थ्रॉटलच्या बाजूला ट्रिमचं जे चाक खडखडत फिरतं, ते वहिनींच्या शिलाई मशीनचं. (त्याचा आवाज खालच्या मजल्यावर जातो. सोसायटीच्या तक्रारवहीत ‘रात्री दहानंतर ३०४ मध्ये शिवणकाम’ अशी नोंद आहे.) पण पेटी त्यांनी वाचवली. झालं असं, की कॅप्टन एकदा जेवताना एडविन लिंकची गोष्ट सांगत होते. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये लिंकच्या वडिलांचा ऑर्गनचा कारखाना होता, आणि १९२९ मध्ये या पठ्ठ्याने ऑर्गनचे भाते आणि पंप वापरून जमिनीवरच डुलणारं, वळणारं, कलणारं विमान केलं. पुढे सैन्याने ती घेतली आणि महायुद्धात हजारो वैमानिक त्या निळ्या खोक्यांत बसून शिकले. “म्हणजे बघा,” कॅप्टन म्हणाले, “सगळ्याच्या मुळाशी शेवटी भाताच!” दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी भजनी मंडळाची पेटी रिक्षात घालून बहिणीकडे नेऊन ठेवली.

कॅप्टनना जगात एकच शत्रू आहे. तो डोंबिवलीला राहतो आणि एअरबस ए ३२० बनवतो. दोघं रोज फोनवर भांडतात. एअरबसला समोर दांडी नसते, कडेला छोटी काठी असते, आणि पायलटच्या पुढ्यातून चक्क टेबल बाहेर ओढता येतं. “ते विमान आहे की खानावळ?” असं कॅप्टन एकदा तावातावाने म्हणाले. वहिनी आतून म्हणाल्या, “मग आपण तेच का नाही केलं? ताट तरी ठेवता आलं असतं.”

विमानवेडाला मराठी माणसाची ना नाहीच. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर तळपद्यांचं विमान उडालं की नाही, यावर अजून दोन पक्ष आहेत. कॅप्टनचं उडत नाही, यावर पक्ष एकच. पण अमोल यादवांचं नाव काढलं की ते हळवे होतात. यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं खरंखुरं विमान बांधलं आणि २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांसमोर मांडलं. “त्यांना गच्ची मिळाली,” कॅप्टन सुस्कारा सोडतात. “मला सेक्रेटरी गच्चीची किल्ली देत नाही.”

या सगळ्यात चार महिने गेले ते एका स्विचवर. ७३७ चं इंजिन सुरू करताना ओव्हरहेडवरचा एक गोल स्विच ‘ग्राउंड’कडे फिरवायचा. तो तिथेच धरून राहतो. इंजिनाने वेग घेतला, साधारण ५६ टक्क्यांवर आला, की कोणी हात न लावता तो सुटतो आणि टक् करून मागे येतो. बस, एवढंच. पण कॅप्टनच्या मते विमान नावाच्या वस्तूचा जीव त्या टक्‌मध्ये आहे. त्यासाठी त्यांनी बारा व्होल्टचा सोलेनॉइड आणला. तो धरायचा, पण तापायचा. दुसरा तापायचा नाही, पण सोडायचाच नाही. तिसऱ्याने धूर काढला आणि वहिनींनी गॅस बंद केला. सातवा जमला. रात्री पावणेबाराला माझ्या दारावरची बेल वाजली. दारात कॅप्टन, बनियनवर. “चला, सुटला!” मी तसाच गेलो. अंधाऱ्या खोलीत करड्या पॅनेलवर पिवळसर अक्षरं उजळली होती, आणि खरं सांगतो, क्षणभर मी चिंचवड, सोसायटी, सगळं विसरलो. आकडा चढत गेला. पंचावन्न. छप्पन. टक्. कॅप्टननी माझ्याकडे असं पाहिलं, की मी टाळी वाजवली.

त्या टाळीची शिक्षा म्हणून मी त्यांचा को-पायलट झालो. रविवारी सकाळी पुणे-दिल्ली. खऱ्या वेळात, म्हणजे दोन तास. त्यापूर्वी अर्धा तास अंधारं, थंडगार विमान जागं करण्यात जातो: बॅटरी, पंप, दिवे, आणि प्रत्येक स्विचला मी यादीतून नाव वाचायचं आणि त्यांनी ‘ऑन’ म्हणायचं. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी सांगतात आणि यजमान पळीने पाणी सोडतात, तसं. लोहगावच्या धावपट्टीवरून आम्ही व्यवस्थित उठलो. पस्तीस हजार फुटांवर चहा आला, पोहे आले. इंदूरच्या आसपास लाइट गेली. तिन्ही आकाशं काळी. कुठेतरी यूपीएस टीं-टीं करत होता.

मी घाबरत विचारलं, “पडलो का?”

“पडलो नाही,” कॅप्टन शांतपणे म्हणाले, “थांबलो.”

उतरण्याचा त्यांचा आवडता विमानतळ मात्र दिल्ली नव्हे, हाँगकाँगचा काय टाक. डोंगरावर रंगवलेल्या तांबड्या-पांढऱ्या चौकड्या दिसल्या की उजवीकडे वळायचं आणि इमारतींच्या डोक्यावरून धावपट्टीवर टेकायचं. हा विमानतळ जुलै १९९८ मध्ये बंद झाला. त्या धावपट्टीच्या टोकाला आता जहाजं लागतात. कॅप्टनना ते मान्य नाही. तिथे ते नेहमी जरा वेगाने खाली येतात, आणि विमान इंग्रजीत बजावू लागतं, “सिंक रेट! सिंक रेट!” स्वयंपाकघरातून वहिनींचं उत्तर येतं, “ते तुंबलंय सकाळपासून. रेट विचारायला आधी प्लंबरला तर बोलवा!”

परवा दोघं खरोखरच दिल्लीला गेले, भाचीच्या लग्नाला. विमान ७३७-८००, कॅप्टननी तारीख त्यावरूनच ठरवली होती. उतरल्यावर कॉकपिट बघू द्या म्हणून विनंती केली आणि दोन लहान मुलांच्या मागे रांगेत उभे राहिले. विमानाची कॅप्टन जेमतेम तिशीची मुलगी, आपल्याच साताऱ्याकडची. तिने प्रेमाने डावीकडच्या खुर्चीत बसवलं. काका, हे अमुक, काका, ते तमुक. काकांना सगळं पाठ. त्यांनी एकच विचारलं: इंजिन सुरू होताना तो स्विच सुटतो, त्याचा आवाज नेमका कसा येतो?

ती हसली. “आवाज? कधी ऐकलाच नाही हो काका. कानाला हेडसेट असतो.”

परत आल्यावर दोन दिवस ३०४ मध्ये शिवणकाम झालं नाही. तिसऱ्या दिवशी मी बिचकतच बेल वाजवली. कॅप्टन पॉलिश पेपर घेऊन आपल्या सुंदर करड्या पॅनेलच्या कडा घासत बसले होते. “खऱ्या विमानाचा रंग उडालेला असतो,” ते म्हणाले. “कोपरे घासलेले, बटणं चिकट. आपलं फारच नवं दिसतं.” आवाजाचा विषय मी काढला नाही. त्यांनीच काढला: “त्या मुलीला एकदा पुण्याला बोलवायला हवं. बिचारीने ऐकलाच नाहीये.”

मी हल्ली दर रविवारी जाऊ शकत नाही, गुडघा दुखतो. तेव्हा उजवी खुर्ची रिकामी आहे. पुणे-दिल्ली, सकाळी साडेनऊ, पोह्यांसकट. वाचता येणं पुरे, अनुभवाची अट नाही. येताना घरातलं जुन्या रेडिओचं एखादं बटण आणलंत तर कॅप्टन दारापर्यंत सोडायला येतील. फक्त लाइट गेली तर ओरडू नका.