लाईन हाय का?

ऑक्सफर्डच्या 1989 च्या इंग्रजी कोशात सर्वांत लांबलचक नोंद 'सेट' या शब्दाची होती. कोशकारांनी आठवडाभर कोल्हापुरात मुक्काम ठोकला असता, तर हा मान 'लाईन'ला मिळाला असता.

'लाईन हाय का?' हा प्रश्न वीज गेल्यावरचा. 'न्हाई' म्हटलं की लाईनमनला फोन; तर त्याचीच लाईन बिझी. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची लाईन मंडपाबाहेर जाते, वशिल्याची लाईन थेट आत. पोरगा बिघडला की 'लाईन सोडली', सुधारला की 'लाईनवर आला'. मधल्या काळात तो कॉलेजच्या कट्ट्यावर लाईन मारत असतो. पुढं लग्नाच्या बैठकीत विचारणा होते, "पावणं, पोरगं कुठल्या लाईनीत?" उत्तर ठरलेलं: "गाड्यांच्या." यात शोरूमचा मालकही बसतो आणि वडापचा क्लीनरही.

पत्त्यांची तऱ्हा आणखी न्यारी. कसबा बावड्याकडं लाईन बझार नावाची वस्तीच आहे. राजारामपुरी मात्र पट्टी लावून आखलेली; पहिली, दुसरी, तिसरी अशी क्रमवार. पण त्या गल्ल्या!

खरी लोखंडी लाईन 1891 मध्ये मिरजेहून आली आणि इथंच थांबली. शाहू महाराज टर्मिनसच्या पुढं आजही रूळ नाहीत. वैभववाडीमार्गे कोकणात उतरणारी लाईन 2016 च्या रेल्वे अर्थसंकल्पात झळकली. तेव्हापासून निवडणूक जवळ आली की ती भाषणाच्या पहिल्याच लाईनीत धावते.