एका मिलिंदाला किती मिनँडर?

वाचलेलं चारचौघांत सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. म्हणून मेहुणीने मुलाचं नाव मिलिंद ठेवायचं ठरवलं आणि ‘भावोजी, बारशाला दोन शब्द बोला’ म्हणाली, तेव्हा बायकोने डोळे वटारून केलेली खूण मला सोयीस्करपणे दिसली नाही.

सुरुवात झकास झाली. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पंजाबात राज्य करणारा यवन राजा मिनँडर. नाण्यांवर एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारून भंडावणारा तोच. बाबासाहेबांनी औरंगाबादेत उभारलेल्या महाविद्यालयाचं नावही मिलिंद, आणि परिसर नागसेनवन. टाळ्या पडल्या. तेव्हाच खाली बसलो असतो, तर सासुरवाडीत नाव राहिलं असतं. पण टाळी ऐकली की माझ्या अंगात येतं.

“पण गल्लत करू नका,” मी म्हणालो, “मिनँडर अनेक आहेत!”

दुसरा अथेन्सचा नाटककार. शंभरावर नाटकं लिहिली, बक्षिसं मिळाली आठ. ‘डिस्कोलॉस’ इ. स. पू. 316 मध्ये पहिलं आलं, मग हरवलं, ते पपायरसवर सापडून 1958 मध्ये छापलं गेलं. “त्यात एक तिरसट म्हातारा विहिरीत पडतो.” सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी माझ्याकडे.

तिसरा रोमन काळातला, लाओडिकियाचा. वाढदिवस, लग्न, मयत अशा कुठल्या प्रसंगी काय बोलावं, हे शिकवणारा.

“त्याचं तेवढं वाचायचं राहिलं वाटतं,” बाळाची आत्या म्हणाली.

चौथा सहाव्या शतकातला, कॉन्स्टँटिनोपलचा इतिहासकार. वकिली सोडून ऐन तारुण्य शर्यती आणि नाचतमाशांत घालवलं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. आजींनी पाळण्यावरची झालर ओढून घेतली. बहुधा बाळाच्या कानांवर संस्कार होऊ नयेत म्हणून.

आता सावरायला हवं होतं. मी नागसेनाला शरण गेलो. राजा रथातून आला होता. भिक्खूने विचारलं, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा दर वेळी नाही म्हणाला. “तात्पर्य, रथ काय, मिलिंद काय, नाव ही व्यवहारापुरती खूण. त्यात फार गुंतू नये.”

“म्हणजे नाव ठेवायला मला आणलेली पैठणी परत नेणार?” आत्या उठलीच.

साडूंनी माइक काढून घेतला. आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, पाठीवर बुक्के पडले, आणि नाव जाहीर झालं: अद्वैत!

पाळण्याभोवती फुगे फोडणाऱ्या पोरांपैकी तिघं एकदम “ओ” म्हणाली. तिघंही अद्वैत. या विषयावर माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण बायकोने मूठभर घुगऱ्या माझ्या तोंडात कोंबल्या होत्या.