पाण्याचा वार

आमच्या गल्लीत दोनच वार चालतात: पाण्याचा आणि बिनपाण्याचा. सोमवार, गुरुवार वगैरे भिंतीवरच्या कॅलेंडरात आहेत, पण त्यांचा उपयोग उपासापुरता. बाकीचे व्यवहार पाण्याच्या वारावर ठरतात. शेजारच्या काकूंनी मुलीला बघायला येणाऱ्या मंडळींना फोनवर सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आहे, "रविवार नको हो, पाण्याच्या दुसऱ्या दिवशी या. म्हणजे मोकळेपणानं बसता येईल." पाहुण्यांनी मुहूर्त समजून होकार दिला.

आम्ही छत्रपती संभाजीनगरात, सिडकोत राहतो. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, याचं उत्तर ऋतूप्रमाणे बदलतं. कधी पाच दिवस, कधी आठ. मधेच कुठं जलवाहिनी फुटली, वीज गेली किंवा शटडाऊन निघाला, की सगळं एक दिवस पुढं. या मधल्या काळाला आमच्याकडं 'गॅप' म्हणतात. "तुमचा गॅप किती?" हा आमच्या शहरातला सर्वांत सभ्य प्रश्न आहे. पुण्याचा माणूस तो ऐकून पटकन दातांवरून जीभ फिरवतो.

बरं, पाणी मुळात नाहीच म्हणावं, तर तसंही नाही. माझी सासुरवाडी पैठण. तिथं जायकवाडीचं धरण आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. पोटात शंभर टीएमसीच्या वर पाणी मावतं, दरवाजे सत्तावीस. पावसाळ्यात वर्तमानपत्रं त्याचे टक्के क्रिकेटच्या धावांसारखे छापतात, आणि ऐंशी झाले, नव्वद झाले म्हणून आम्ही बिनपाण्याच्या घरात पेढे वाटायच्या बेतात येतो. दरवाजे उघडले की शहरातून गाड्या भरून माणसं पाणी बघायला जातात. आम्हीही जातो. कणीस खातो, तुषार अंगावर घेतो, फोटो काढतो. घरी आल्यावर पाय धुवायला पाणी नसतं, म्हणून बायको चपला फाटकाबाहेरच काढायला लावते.

खरी अडचण चढणीची आहे. धरण पूर्ण भरलं तरी पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट, आणि आमचं शहर त्याच्याही वर सव्वातीनशे-साडेतीनशे फूट. म्हणजे पाण्यानं पन्नासेक किलोमीटर यायचं आणि शंभरेक मीटरचा डोंगरही चढायचा. आमच्या आईला हे एकदा समजावून सांगितलं, आणि तिथून घरात नवीनच प्रकरण सुरू झालं. पाण्याच्या वारी संध्याकाळपासून ती सुनेला विचारते, "अगं, तुझ्या माहेरचं माणूस निघालं का?"

"निघालंय आई. चढण आहे, दम खात येईल."

"आमच्या वेळी माहेरची माणसं इतका वेळ लावत नव्हती."

बायको गप्प बसणाऱ्यांतली नाही. पैठण म्हणजे एकनाथांचं गाव. तिथं देवानं श्रीखंड्या होऊन नाथांच्या घरी बारा वर्षं कावडीनं पाणी वाहिलं, अशी श्रद्धा आहे. ते पाणी ज्यात ओतायचा तो रांजण नाथांच्या वाड्यात अजून आहे. तुकाराम बीजेला त्याची पूजा होते, मग भाविक घागरी ओतत राहतात, आणि ज्याच्या घागरीनं रांजण भरून वाहू लागतो त्याच्या रूपानं देव येऊन गेला असं मानतात. "आमच्या गावात पाणी द्यायला देव येतो," ही असं म्हणाली की आईला उत्तर सुचणार नाही असं मला वाटायचं. आईनं डोळ्यांवरचा चष्मा पुसला आणि म्हणाली, "देव होता म्हणून बारा वर्षं टिकला. आपला टँकरवाला दुसऱ्या खेपेला फोन उचलत नाही."

आता पाण्याची रात्र. रात्र म्हणतो, कारण दिवसा पाणी यावं इतकं आमचं पुण्य नाही. पावणेतीनच्या सुमाराला उशाचा मोबाइल थरथरतो. गल्लीच्या ग्रुपवर समोरच्या गुरुजींचा निरोप असतो: "हवा येत आहे." गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक आहेत, पहाटे पावणेतीनलाही क्रियापद पूर्ण लिहितात. हवा ही पाण्याची पायलट गाडी. नळ आधी खोकतो, मग दम्याच्या पेशंटसारखा सुस्कारतो, मग घशातून गुरगुरतो. त्या गुरगुरीवरून पाणी किती मिनिटांवर आहे हे आई झोपेत सांगते. एकदा ती "सहा मिनिटं" म्हणाली आणि कूस बदलून परत घोरू लागली. सातव्या मिनिटाला मी बादली शोधत होतो.

एका विशिष्ट पेयाच्या बाबतीत पहिल्या धारेची ती उत्तम, असं जाणकार म्हणतात. नळाच्या बाबतीत उलट आहे. पहिल्या धारेचं पाणी तांबूस, गढूळ, त्यात गंजाचे कण. ते कुंड्यांना. दुसऱ्या धारेचं मोरीतल्या ड्रमाला. तिसरं, म्हणजे साधारण पंधरा मिनिटांनी येणारं, आई हातातल्या स्टीलच्या पेल्यात घेऊन ट्यूबलाइटसमोर धरते, वास घेते, आणि "हं" म्हणते. त्या 'हं'शिवाय हौदाचं झाकण उघडायची कुणाची टाप नाही. मग हौद, गच्चीवरची काळी टाकी, पिंप, तांब्याचा हंडा, कळशा, पातेली, कुकर, लग्नात आलेले अकरा तांबे, आणि सगळ्यांत शेवटी माझा दाढीचा मग. घरातलं माझं स्थान मला नेमकं याच रात्री कळतं.

मोटर थेट नळाला जोडू नये असा नियम आहे. आमच्या गल्लीत ती कुणीच जोडत नाही. फक्त पाण्याच्या रात्री प्रत्येकाच्या जिन्याखालून मिक्सरसारखा आवाज येतो. विचारलं तर काकू म्हणतात, "चटणी वाटतेय." पहाटे तीनला अख्खी गल्ली चटणी वाटत असते. ज्याची मोटर जास्त जोराची, त्याची चटणी जास्त तिखट, आणि आमच्या नळाची धार करंगळीएवढी. मराठीत एखाद्यावर खार असला की त्याला पाण्यात पाहतात. आम्ही निदान धार लागल्यावरच पाहू शकतो. एरवी पाहायला पाणी कुठं आहे?

पण या रात्रीइतकी गल्ली एकत्र कधीच येत नाही, हेही खरं. फौजदारसाहेब बनियनवर, गुरुजी कानटोपीत, काकू गाऊनवर शाल घेऊन. लाईनमनदादा सायकलवरून भली मोठी चावी घेऊन दिसला की सगळे अदबीनं उभे राहतात. त्याला चहा, त्याला बिस्किट, त्याच्या मुलाच्या दहावीची चौकशी. फौजदारसाहेबांनी आयुष्यभर सलाम घेतले. पाण्याच्या रात्री ते सलाम करतात.

मधे एकदा वीज गेली. हौद तुडुंब आणि मोरीतले ड्रम रिकामे. गुरुजींनी नळी मागवली, एक टोक हौदात सोडलं, दुसरं तोंडात धरून ओढलं, एक घोट गिळला आणि नळी खालच्या ड्रमात टाकली. धो धो धार. मग ओल्या मिशांनी तिथंच तास घेतला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरानं खडकी वसवली, म्हणजे हेच आपलं गाव, आणि त्याला पाणी दिलं ते नहर-ए-अंबरीनं. डोंगराच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून गावात यायचं. मधे मधे उभे बंबे बांधलेले. त्यांत पाणी चढायचं, अडकलेली हवा निघून जायची, दाब टिकायचा. ना मोटर, ना वीज. "आणि ना ग्रुपवर निरोप," फौजदारसाहेब म्हणाले. गुरुजींनी त्यांच्याकडं फळ्याकडं पाठ करून बोलणाऱ्या पोराकडं पाहावं तसं पाहिलं.

त्या तासाचा परिणाम असा झाला, की दिवाळीत पुण्याहून मुलगा आला तेव्हा आईनं पाणचक्की बघायचा हट्ट धरला. (मुलगा पुण्यात राहून शॉवरखाली वीस मिनिटं उभा राहायला शिकला आहे. पहिल्याच दिवशी बाहेरून आईनं दार वाजवून विचारलं, "आत कोण कोण आहे?") पाणचक्की अठराव्या शतकातली. दर्ग्याच्या आवारात उंचावरून पाणी हौदात कोसळतं आणि त्या पाण्याच्या जोरावर पूर्वी जातं फिरायचं, फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळलं जायचं. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे, हे मुलानं वाचून दाखवलं. आई थबकली. आमच्या गच्चीवरची टाकी बसवल्यापासून तिसऱ्या वर्षी गळायला लागली आणि स्वयंपाकघराच्या छतावर तिनं भारताचा नकाशा काढला आहे, अंदमानसकट. आई खालच्या दालनात गेली, मान वर करून बराच वेळ कोरडं छत बघत राहिली. मग वर येऊन कोसळत्या पाण्यापाशी उभ्या असलेल्या चाचांना तिनं विचारलं, "हे रोज येतं?"

"हौ अम्मा, रोज आता."

"किती वाजता?"

चाचांना प्रश्नच कळला नाही.

पाण्याच्या दुःखात आम्हाला मान खाली घालायला लावणारा एकच माणूस आहे, माझे लातूरचे साडू. दुःखाच्या स्पर्धेत ते कायम पहिले. आम्ही आठ दिवसांचा गॅप सांगितला, की ते सुपारी कातरत शांतपणे म्हणतात, "तुमचं काय हो. आमच्याकडं पाणी रेल्वेनं यायलं होतं." विषय संपला. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला खरोखरच पाण्याची रेल्वे आली होती, 'जलदूत' नावाची. मी एकदा पैठण रोडच्या कडेला पडलेल्या नव्या जलवाहिनीच्या पाइपांचं वर्णन करून पाहिलं. अडीच मीटर व्यासाचे पाइप, आत माणूस टोपीसकट उभा चालेल. एकदा पावसात त्यातल्या एका पाइपात शेळ्यांचा कळप आणि मी असे अर्धा तास शेजारी शेजारी उभे होतो. "योजना १,६८० कोटींची होती, आता २,७४० कोटींची झाली," असंही ऐकवलं. साडूंनी सुपारी तोंडात टाकली. "पाइपच ना? आमच्याकडं वाघिणी होत्या."

तर गेल्या महिन्यात जे घडलं ते सांगायला मी त्यांनाच फोन करणार, हे उघड होतं.

मंगळवारी रात्री आमचं पाणी येऊन गेलं. सगळं भरलं, मोटर बंद, गल्ली झोपली. बुधवारी रात्री पावणेतीनला मोबाइल थरथरला: "हवा येत आहे." मी म्हटलं, गुरुजींनी कालचाच निरोप चुकून पुढं ढकलला असेल. तेवढ्यात मोरीतला नळ खोकला. आई उठून बसली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. अवेळी कुणी दार वाजवल्यावर बायामाणसांच्या चेहऱ्यावर येते ती भीती होती.

"अरे, कोण आलंय?"

धार सुरू झाली. करंगळीएवढी नाही, मनगटाएवढी. घरात रिकामं भांडं एकही नव्हतं. हौद भरलेला, पिंप भरलेलं, अकरा तांबे भरलेले, माझा मगसुद्धा. बाहेर आलो तर सगळी गल्ली रस्त्यावर उभी. चटणी कुणी वाटत नव्हतं. फौजदारसाहेबांनी संशय व्यक्त केला, "दुसऱ्यांचं पाणी चुकून आपल्याकडं सुटलं असणार. कुणी विचारलं तर आपल्याला काही माहीत नाही." गुरुजी म्हणाले, "लागोपाठ दोन दिवस पाणी म्हणजे पुढचे पंधरा दिवस येणार नाही. हिशेब कुठंतरी मिटवतातच." हे सगळ्यांना पटलं आणि पटल्यावर जरा बरं वाटलं.

मग काकूंनी अंगण धुवायला घेतलं. ते बघून फौजदारसाहेबांनी स्कूटर धुतली. बायकोनं पडदे काढले, पायपुसणी काढली, गेल्या दिवाळीपासून बांधून ठेवलेली गोधडी काढली. मी फाटक धुतलं, मग फाटकावरची पाटी धुतली, तेव्हा तिच्यावरचं माझं नाव पूर्ण दिसलं. पहाटे चार वाजता गल्लीतून ओढा वाहत होता. कोपऱ्यावरच्या बांधकामावरची दोन गाढवं तिथं येऊन पाणी प्यायला लागली. मी हुसकवायला निघालो तर बायकोनं हात धरला. "राहू द्या. नाथांनी काशीची गंगा पाजली होती गाढवाला." आई ओसरीवर बसून बघत होती. ती म्हणाली, "पाजू दे तिला. तिच्या माहेरचं आहे."

सकाळी सात वाजता लातूरला फोन लावला. सगळं सांगितलं: लागोपाठ दोन रात्री, मनगटाएवढी धार, गल्लीतला ओढा, गाढवं. पलीकडं साडू बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मला वाटलं फोन कटला.

"हॅलो? ऐकताय ना?"

"ऐकायलोय की," ते हळू आवाजात म्हणाले. "मग आता दिवाळीला आल्यावर बोलायचं काय हो आपण?"