एरर क्लिअर केला म्हणजे नेमकं काय केलं?

चालत्या गाडीचं पॉवर स्टीयरिंग अचानक जाणं ही सर्व्हिसिंगची किरकोळ तक्रार नव्हे. आपल्याकडे मात्र एसीचं कूलिंग कमी झालंय, डाव्या दाराची काच अडकते, अशा तक्रारींच्या रांगेत तिला बसवलं जातं. पुष्कळदा तर तिची नोंदच होत नाही. मला या प्रकाराचा मनापासून राग आहे आणि आज तो इथे काढणार आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या गाडीला हे झालं. मागच्या सीटवर सासूबाई आणि शाळेतून घेतलेला मुलगा. सिग्नल सुटला, तिने उजवीकडे वळायला स्टीयरिंग फिरवलं आणि अर्ध्यावर ते घट्ट बसलं. डॅशबोर्डवर स्टीयरिंगचं लाल चित्र, शेजारी उद्गारचिन्ह. वळण पुरं होईना, गाडी तिरकी होऊन थेट समोरच्या दुभाजकाकडे निघाली. तिने करकचून ब्रेक दाबला, मागचा रिक्षावाला थोडक्यात वाचला आणि वाचल्यावर त्याने तिलाच शिव्या घातल्या. गाडी बंद करून परत चालू केली तर स्टीयरिंग पुन्हा हलकं! लाल दिवाही गायब. घरी आल्यावर पहिली प्रतिक्रिया काय? "तुझा हात चुकला असेल." दहा वर्षं रोज गाडी चालवणाऱ्या बाईला हे ऐकावं लागतं. तिच्या जागी तिचा नवरा असता तर दोष आधी गाडीला दिला असता, याबद्दल मला शंका नाही.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटर. ॲडव्हायझरने स्टीयरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला, दोन बटणं दाबली आणि म्हणाला, "मॅडम, एक एरर होता, क्लिअर केलाय. आता काही दाखवत नाही. चालवून बघा, परत आलं तर आणा." जॉब कार्डवर लिहिलं, 'जनरल चेकअप'.

परत आलं तर? कुठे येईल ते? ताम्हिणी घाटाच्या वळणावर, की महामार्गावर शेजारून कंटेनर जात असताना? शिवाय क्लिअर काय केलं, तर बिघाड जसाच्या तसा ठेवून त्याचा पुरावा. कोणत्या क्षणी, किती वेगाला, बॅटरीचा व्होल्टेज किती असताना स्टीयरिंगची मदत तुटली, याच्या जेवढ्या खुणा गाडीच्या कंट्रोलरने जपल्या होत्या, तेवढ्या त्या दोन बटणांनी पुसल्या. पुढच्या वेळी गाडी नेली की "मागे काही रेकॉर्ड नाही" म्हणायला सगळे मोकळे.

आतली व्यवस्था समजून घेणं फार अवघड नाही. जुन्या पद्धतीत इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेल दाबून स्टीयरिंगला जोर द्यायचा. पट्टा तुटला, तेल गळालं किंवा इंजिन बंद पडलं की जोर गेला. आजच्या बहुतेक घरगुती गाड्यांत हे काम विजेची मोटर करते. १९८८ मध्ये जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या चिमुकल्या गाडीत ही पद्धत पहिल्यांदा आली, नंतर जगभर पसरली. स्टीयरिंगच्या दांड्यावरचा टॉर्क सेन्सर तुम्ही किती जोर लावताय ते मोजतो, कंट्रोलर मोटरला हुकूम देतो आणि मोटर ढकलते. जागेवर गाडी वळवताना ही मोटर बॅटरीकडून भरपूर करंट ओढते. त्यामुळे बॅटरी म्हातारी झालेली असो, अल्टरनेटर नीट चार्ज करत नसो, कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असो की पार्किंगमधल्या उंदरांनी वायर कुरतडलेली असो, फटका इथे बसतो. सेन्सरच्या सिग्नलमध्ये गडबड दिसली की कंट्रोलर मोटर बंद करतो आणि तेच बरोबर आहे, कारण चुकीच्या दिशेला ढकलणारी मोटर जास्त जीवघेणी. गाडी बंद करून चालू केली की कंट्रोलर नव्याने तपासणी करतो, त्या क्षणी सगळं ठीक दिसलं तर मदत परत सुरू होते. म्हणजे बहिणीच्या गाडीचं स्टीयरिंग आपोआप 'बरं' झालं, याने बिघाड गेल्याचं काहीच सिद्ध होत नाही.

इथे कुणीतरी ज्येष्ठ हमखास सांगतात, "आम्ही पद्मिनी आणि मारुती ८०० चालवल्या, कुठे होतं पॉवर स्टीयरिंग?" काका, त्या गाड्या मुळात हाताच्या जोरावर चालवण्यासाठीच बांधल्या होत्या. ८०० ला १२ इंची अरुंद चाकं, पुढचा भाग हलका, आणि वळायला स्टीयरिंगचे वेढे जास्त घ्यावे लागायचे म्हणून हाताला जोर कमी लागायचा. आजच्या गाडीचे टायर रुंद, पुढचं वजन जास्त आणि वेढे कमी, कारण मोटर मदत करणार हे गृहीत धरलंय. ती मदत अचानक गेली की हातात येणारं स्टीयरिंग तुमच्या ८०० पेक्षा कितीतरी जड असतं. तेही आधी सूचना न देता, वळणाच्या मधोमध.

किती जड? संयुक्त राष्ट्रांच्या ७९ क्रमांकाच्या नियमात याचं माप आहे. मदत चालू असताना प्रवासी गाडी वळवायला १५० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये आणि मदत गेल्यावर ३०० न्यूटनपर्यंत चालेल. ३०० न्यूटन म्हणजे साधारण ३० किलोचं वजन उचलण्याइतका जोर. नियमाच्या हिशेबात गाडी 'वळवता येते', हे खरं. चाकांशी जोडलेला दांडा शाबूत असतो, स्टीयरिंग निकामी होत नाही. पण सत्तरीतले वडील, खांदा आखडलेली आई किंवा नुकतं लायसन्स मिळालेली मुलगी एका क्षणात तेवढा जोर लावतील का? आणि स्टीयरिंग जाम झालंय की नुसतं जड झालंय, हे त्या क्षणी त्यांना कळणार कसं?

"गाडी वळवता तर येते ना?" या एका वाक्याने अमेरिकेत काय झालं ते बघा. जनरल मोटर्सच्या कोबाल्टसारख्या गाड्यांत इग्निशनची चावी धक्क्याने मागे सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टीयरिंग बंद, ब्रेकची मदत बंद. वर्षानुवर्षं तक्रारी येत होत्या. कंपनीने नेमलेल्या अँटन वालुकास यांच्या २०१४ च्या अहवालात नोंद आहे, की इंजिनिअरांनी हा दोष सुरक्षेचा न मानता ग्राहकाच्या सोयीचा मानला. गाडी तरीही वळवता आणि थांबवता येते, असा त्यांचा हिशेब होता. चावी सरकल्यावर एअरबॅगही उघडत नाही, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. जॉर्जिया राज्यातल्या एका तरुणीने गाडी चालताना बंद पडते म्हणून ती डीलरकडे नेली, त्यांनी काहीतरी करून परत दिली आणि काही दिवसांत ती त्याच गाडीत मेली. तिचे आईवडील कोर्टात गेले म्हणून बरंच काही बाहेर आलं. २६ लाख गाड्या परत मागवाव्या लागल्या. नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

याच कोबाल्टच्या पॉवर स्टीयरिंगच्या मोटरची गोष्ट मात्र वेगळी घडली. मदत अचानक जाते म्हणून मालकांनी सरकारकडे लेखी तक्रारी केल्या, अकराशेहून जास्त. २०१० च्या जानेवारीत चौकशी सुरू झाली आणि मार्चमध्ये कंपनीने सुमारे १३ लाख गाड्या परत मागवल्या. एकेका तक्रारदाराला डीलरने "एरर क्लिअर केला" म्हणून घरी पाठवलं असतं आणि मालक गप्प बसले असते, तर यातलं काही झालं नसतं.

आपल्याकडेही कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत मागवण्याचं कलम ११०ए आलं, नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. गाडी सात वर्षांहून जुनी नको. वर्षाला १० हजारांहून जास्त विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या मॉडेलसाठी तक्रारींचा आकडा १,२५० चा. तेवढ्या तक्रारींवरून सरकारने सक्तीने गाड्या परत मागवायला लावल्या तर कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड. तक्रार नोंदवायची सोय 'वाहन' संकेतस्थळावर आहे. कंपन्या स्वतःहूनही परत बोलावतात. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने स्टीयरिंगच्या टाय रॉडसाठी एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या परत बोलावल्या, ते योग्यच केलं. पण १,२५० लेखी तक्रारी जमायच्या कशा, जर प्रत्येक सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर 'जनरल चेकअप' लिहिलेलं असेल आणि प्रत्येक घरात "तुझा हात चुकला असेल" म्हणून विषय मिटत असेल? हा आकडा मला स्वतःला फार मोठा वाटतो. स्टीयरिंग आणि ब्रेकच्या तक्रारींसाठी तो वेगळा आणि बराच लहान हवा.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनाही सांगणं आहे. हाफ क्लच शिकवता, रिव्हर्स पार्किंग शिकवता. दहा मिनिटं याला द्या. मोकळ्या मैदानात गाडी उभी करून, इंजिन बंद आणि चावी ऑनवर ठेवून शिकणाऱ्याला स्टीयरिंग फिरवायला लावा. गाडी उभीच हवी, चालत्या गाडीत हा प्रयोग अजिबात नको. तो जडपणा एकदा हातांना ठाऊक झाला, की रस्त्यावर माणूस गोंधळून हात सोडत नाही. प्रसंग आलाच तर दोन्ही हातांनी घट्ट धरून जोर लावायचा, ॲक्सिलरेटर सोडायचा, हॅझर्ड लावून कडेला यायचं. थांबेपर्यंत चावी काढायची नाही. काढली तर स्टीयरिंग लॉक होईल आणि मग खरंच काही वळणार नाही. पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी उतरवणारे अजूनही भेटतात. ते उतारावर स्वतःच्या हाताने हाच बिघाड घडवून आणतात, वर ब्रेकची मदतही घालवून बसतात. त्यांच्या गाडीत बसू नका आणि तसं तोंडावर सांगा.

आता सर्व्हिस सेंटर. एरर पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो मागा. कोड बहुधा 'सी' ने सुरू होतो. जॉब कार्डवर स्वतःच्या शब्दांत लिहून घ्या: 'चालत्या गाडीत पॉवर स्टीयरिंग बंद पडले, लाल दिवा लागला', तारीख, किलोमीटर, अंदाजे वेग. बॅटरी आणि चार्जिंग तपासल्याचे आकडे मागा. सुटा सेन्सर मिळत नाही, अख्खी कॉलम असेंब्ली बदलावी लागेल असं म्हणाले, तर तेही लेखी घ्या आणि वॉरंटीत का बसत नाही ते विचारा. ॲडव्हायझर कुरकुर करेल, करू द्या. कारण सापडेपर्यंत ती गाडी घाटात न्यायची नाही आणि मुलांना तिच्यातून शाळेत सोडायचं नाही.

बहिणीने पुन्हा जाऊन जॉब कार्ड बदलून घेतलं. तासभर वाद झाला, मॅनेजरला बोलवावं लागलं. मग तपासणीत बॅटरीपासून कंट्रोलरकडे जाणाऱ्या वायरचा कनेक्टर हिरवा पडलेला, आतून गंजलेला निघाला. तो बदलला, आणि तक्रार तिने 'वाहन' वर नोंदवली.